ॲक्टिव्ह स्पीकरवर ऑनलाइन गाणी: पहिल्यांदाच जोडणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या आत्याकडे तिच्या मुलानं दिवाळीत ॲक्टिव्ह स्पीकरची जोडी आणून ठेवली. चांगले स्पीकर, पाच इंची वूफर, मागे चार-पाच प्रकारची सॉकेटं, वायफाय आतच बसवलेलं. दोन दिवसांनी तो पुण्याला परत गेला आणि जाताना तिचा फोन ब्लूटूथनं जोडून गेला. मग रोज सकाळी एकच व्हायचं. अभंग रंगात आला की कुणाचा तरी फोन यायचा, अभंग तुटायचा आणि रिंगटोन सगळ्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, घुमायची. फोन हातात घेऊन आत्या मागं स्वयंपाकघरात गेली की आवाज अडखळायचा. "एवढे पैसे घालून माझा रेडिओच बरा म्हणायची वेळ आली बघ," असं ती म्हणाली, तेव्हा मी एक रविवार तिच्याकडे काढला.

स्पीकरमध्ये काहीच दोष नव्हता. गाणं त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता चुकला होता. त्या रविवारी आणि नंतर दोन-तीन फेऱ्यांत जे केलं, ते असे स्पीकर पहिल्यांदा घरात आणणाऱ्यांच्या कामाला येईल म्हणून क्रमानं लिहिते.

स्पीकरची पाठ आधी वाचा

साध्या स्पीकरला ताकद द्यायला बाहेरून ॲम्प्लिफायर लागतो. ॲक्टिव्ह स्पीकरच्या पेटीतच तो असतो, म्हणून तर स्पीकरला विजेची पिन असते. डिजिटल ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये त्याच्या जोडीला एक प्रोसेसर असतो. आलेला आवाज तो आकड्यांच्या रूपात घेतो, खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे वाटून देतो, आणि बहुतेक वेळा दोघांना ताकद द्यायला स्वतंत्र ॲम्प्लिफायर असतात.

यातून निघणारी एक गोष्ट दुकानात फारशी कुणी सांगत नाही. अशा स्पीकरला तुम्ही हेडफोनच्या पिनेतून किंवा लाल-पांढऱ्या वायरीतून आवाज दिलात, तर फोन आधी आकड्यांचा विद्युत संकेत करतो, स्पीकर त्या संकेताचे पुन्हा आकडे करतो आणि शेवटी परत आवाज. वाजतं, नाही असं नाही. पण मधल्या प्रत्येक हेलपाट्यात थोडी खरखर आत यायला जागा मिळते. आकडे घेणाऱ्याला आकडेच द्यावेत, हे पहिलं सूत्र.

म्हणून स्पीकर उलटा फिरवा आणि मागं काय काय आहे ते एका कागदावर लिहून काढा. बारीक झडप असलेलं चौकोनी भोक म्हणजे ऑप्टिकल. लाल-पांढऱ्या वायरीच्या सॉकेटसारखंच पण एकटंच असलेलं गोल सॉकेट, ज्याच्याशेजारी कोॲक्शियल किंवा डिजिटल असं काही लिहिलेलं असतं, ते कोॲक्शियल. एचडीएमआय असेल तर त्यावर एआरसी लिहिलंय का बघा, टीव्हीचा आवाज स्पीकरकडे आणायची ती सोय. लॅनचं, म्हणजे राऊटरची केबल थेट घालायचं, भोक असेल तर फारच चांगलं. यूएसबीच्या बाबतीत घाई करू नका. जवळपास चौकोनी, वरचे कोपरे कापलेलं सॉकेट संगणक जोडण्यासाठी असतं. पेनड्राइव्हसारखं चपटं असेल तर ते पुष्कळदा फक्त सॉफ्टवेअर अपडेटसाठी किंवा चार्जिंगसाठी असतं, त्यातून गाणं जाईलच असं नाही.

बहुतेक जोड्यांत एक स्पीकर मुख्य असतो, जवळपास सगळी सॉकेटं त्याच्याच पाठीवर असतात. दुसऱ्याला त्याच्याकडून वायरीनं किंवा बिनतारी आवाज मिळतो. मुख्य स्पीकर डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, याचं एक छोटं बटण पाठीमागं किंवा ॲपमध्ये असतं. ते जागेनुसार लावून घ्या, पुढं लागेल.

गाणं कुठून जाणार?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि सगळा लेख विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा: फोननं फक्त हुकूम द्यावा, गाणं फोनमधून जाऊ नये.

स्पॉटिफाय कनेक्ट आणि गुगल कास्ट या दोन सोयी असंच काम करतात. फोनवर तुम्ही गाणं निवडता, फोन स्पीकरला सांगतो "हे वाजव", आणि स्पीकर आपल्या घरच्या वायफायवरून थेट इंटरनेटवर जाऊन गाणं आणतो. त्यानंतर फोन आला तरी गाणं चालू राहतं. फोन घेऊन तुम्ही गच्चीवर गेलात, फोनची बॅटरी संपली, तरी गाणं चालू राहतं. आत्याची अर्धी तक्रार इथंच मिटली.

ॲपलचं एअरप्ले थोडं वेगळं आहे. त्यात साधारणपणे आयफोन स्वतः गाणं घेतो आणि वायफायवरून स्पीकरकडे पाठवतो. आवाज ब्लूटूथपेक्षा चांगला आणि पल्लाही मोठा, पण फोन घरात आणि चालू असावा लागतो. घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तर हा रस्ता सोयीचा आहे.

ब्लूटूथ सगळ्यात शेवटी. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट एवढा असतो. ब्लूटूथची सगळीकडे चालणारी साधी पद्धत, एसबीसी, जास्तीत जास्त ३२८च्या आसपास जाते. सोनीची एलडॅक ९९०पर्यंत जाते, पण त्यासाठी फोन आणि स्पीकर दोघांनाही ती यायला हवी आणि मध्ये भिंत नको. पाहुण्यांच्या पोरानं "ताई, एक गाणं लावू का?" म्हटलं तर ब्लूटूथ जरूर द्या. रोजच्या ऐकण्याला मात्र तो रस्ता नको.

आता तुमची गाण्यांची ऑनलाइन सेवा कुठल्या वाटेनं जाते ते बघा. स्पॉटिफायचं स्वतःचं कनेक्ट आहे. यूट्यूब म्युझिक आणि ॲपल म्युझिकचं अँड्रॉइड ॲप कास्ट करतात. आयफोनवरचं जवळपास कुठलंही संगीताचं ॲप एअरप्लेवर पाठवता येतं. स्पीकर अजून घ्यायचे असतील तर हे उलट करा: आधी घरात कुठली सेवा वापरता ते ठरवा, मग खोक्यावर त्याच सेवेचं नाव शोधा. खोक्यावर इतर दहा नावं छापलेली असतात, त्यांचे पैसे आपण का द्यायचे?

वायफायवर आणताना

इथं नवे लोक सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून सावकाश सांगते.

स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचं ॲप फोनवर घ्या. ते उघडलं की दोन-तीन परवानग्या मागेल. अँड्रॉइडवर लोकेशन किंवा जवळची उपकरणं, आयफोनवर लोकल नेटवर्क. एरवी अशा परवानग्या नाकारायची सवय चांगली आहे, पण इथं नाकारलीत तर ॲपला स्पीकर दिसणारच नाही आणि तुम्ही स्पीकरला दोष देत बसाल. स्पीकर लागेपर्यंत तरी द्या.

दुसरी अडचण दोन वायफायची. आजकालच्या राऊटरमधून २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे निघतात, आणि जोडणी करणाऱ्यानं कधीकधी त्यांना वेगवेगळी नावं देऊन ठेवलेली असतात, एकाच्या शेवटी ५जी असं काहीतरी. बरेच स्पीकर जोडणीच्या वेळी फक्त २.४ ओळखतात. फोन ५वर आणि स्पीकर २.४ शोधतोय, असं झालं की ॲप गोल फिरत राहतं. जोडणीपुरता फोनही २.४वर आणा. एकदा लागलं की फोन परत ५वर नेला तरी बिघडत नाही, फक्त दोन्ही एकाच राऊटरवर हवेत. फोन पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर असेल, किंवा राऊटरमध्ये एपी आयसोलेशन नावाची सोय चालू असेल, तर फोन आणि स्पीकर एकमेकांना दिसत नाहीत. सगळं बरोबर करूनही स्पीकर दिसत नसला तर मी हे दोन आधी तपासते.

आणि मग भिंती. पेठेतल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. उन्हाळ्यात घर गार राहतं ते त्यांच्यामुळंच, आणि वायफाय आत मरतं तेही त्यांच्यामुळंच. आत्याकडे केबल माडीच्या खिडकीतून आत आली होती, म्हणून राऊटरही माडीवरच, माळ्यावरच्या ट्रंकेमागं ठेवून दिला होता. सोप्यापर्यंत येताना मध्ये एक जाड भिंत आणि लाकडी तक्तपोशी. वायरमनला बोलावून लॅनची वीस मीटर केबल जिन्याच्या कडेनं खाली आणली आणि थेट मुख्य स्पीकरच्या पाठीत घातली. त्या दिवसापासून तिच्याकडे गाणं एकदाही अडखळलेलं नाही. स्पीकरला लॅनचं भोक असेल आणि केबल ओढणं जमत असेल तर वायफायच्या खटपटीत पडूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. राजारामपुरी, ताराबाई पार्कातल्या नव्या फ्लॅटच्या भिंती पातळ असतात, तिथं राऊटर हॉलमध्ये उघड्यावर ठेवला तरी पुष्कळ होतं.

जोडणी झाल्यावर ॲप बहुधा अपडेट मागतं. चालू करा आणि संपेपर्यंत स्पीकरची पिन काढू नका. दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्या वेळात चहा होतो.

सेवेच्या ॲपमध्ये काय बदलायचं

स्पॉटिफायमध्ये गाणं लावा, खाली स्पीकर आणि पडद्याचं छोटं चिन्ह दिसतं ते दाबा, यादीत तुमच्या स्पीकरचं नाव येईल. त्यावर बोट ठेवा. झालं. कास्टचं चिन्ह म्हणजे कोपऱ्यात तीन कमानी असलेला चौकोन, वागणूक तीच.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये जाऊन आवाजाचा दर्जा बघा, कारण बहुतेक ॲप सुरुवातीला ऑटोमॅटिकवर असतात. वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांचे दर्जे वेगवेगळे असतात. वायफायचा सगळ्यात वर न्या. डेटा सेव्हर बंद करा. ॲपल म्युझिकवर लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज, २०२१पासून आहे. स्पॉटिफायनं तो २०२५मध्ये आणला, तुमच्या प्लॅनमध्ये मिळतो का ते याच पानावर दिसतं.

डेटाचा हिशोब एकदा डोक्यात बसला की बरं पडतं. ३२० किलोबिटचं गाणं तासाला सुमारे १४४ एमबी घेतं. सीडीच्या दर्जाचा आवाज जसाच्या तसा आला तर ६३५ एमबी, दाबून पाठवतात म्हणून प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. त्याहून वरचा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा आवाज न दाबता तासाला २ जीबीच्या पुढं जातो. घरी ब्रॉडबँड असेल तर याचा विचारही करू नका. पण फोनचा हॉटस्पॉट देऊन ऐकत असाल आणि रोजचा दीड जीबीचा पॅक असेल, तर ३२०वर थांबा. खरं सांगायचं तर चांगल्या ३२० आणि लॉसलेसमधला फरक शांत खोलीत लक्ष देऊन बसलात तरच कानाला पडतो, तोही कधीकधी. स्पीकर नीट ठेवल्यानं पडणारा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

व्हॉल्यूम सारखा करणारी सोय असेल तिथं लाऊड हा पर्याय टाळा. त्यात हळुवार आणि जोरकस जागांमधलं अंतर कमी होतं, आणि आपल्या गायकीत तर सगळी गंमत त्या अंतरात आहे. एका गाण्यात दुसरं मिसळणारी क्रॉसफेडची सोयही शून्यावर आणा.

आता खात्याची गोष्ट. आत्याचा अभंग सहाला सुरू व्हायचा आणि साडेसहाच्या सुमाराला आपोआप बंद पडायचा. मी राऊटर बदलायच्या विचारात होते. मग कळलं की पुण्यात तिचा मुलगा त्या वेळेला जिमला जातो आणि त्याच खात्यावर गाणी लावतो. एक खातं एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. त्यानं पुण्यात बटण दाबलं की कोल्हापुरात शांतता. तिला स्वतःचं खातं काढून दिलं आणि स्पीकर त्या खात्यावर टाकला. काही सेवांच्या एकत्र प्लॅनवर घरातल्या अनेकांची खाती निघतात, पण तो प्लॅन एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांसाठी आहे का ते आधी बघा.

वायफाय नसलेले डिजिटल स्पीकर

काही चांगले स्पीकर, विशेषतः स्टुडिओसाठी बनवलेले, वायफाय वगैरे देत नाहीत. मागं फक्त ऑप्टिकल किंवा कोॲक्शियल. अशा वेळी मध्ये एक छोटा स्ट्रीमर लागतो. पत्त्यांच्या जोडाएवढी डबी, एका बाजूनं वायफाय घेते, दुसऱ्या बाजूनं डिजिटल आवाज देते. बाजारात वीम कंपनीच्या अशा डब्या बऱ्याच लोकांकडे दिसतात. गुगलची अशीच डबी, क्रोमकास्ट ऑडिओ, २०१९पासून बनत नाही, पण कुणाच्या कपाटात पडलेली असेल तर जरूर मागून घ्या, तिच्या हेडफोनसारख्या भोकातूनच ऑप्टिकल आवाजही निघतो. त्यासाठी एका टोकाला बारीक गोल पिन असलेली ऑप्टिकल केबल लागते.

ऑप्टिकल केबलबद्दल एक अगदी बारीक गोष्ट. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकची छोटीशी टोपी असते, नखाएवढी. ती काढायची असते. माझ्या पहिल्या जोडणीच्या वेळी मी एका टोकाची काढली, दुसऱ्या टोकाची तशीच राहिली. पिन आत जातेय असं वाटत होतं, पण खट् असा आवाज येत नव्हता. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. खिडकीशी नेऊन टोक उजेडात तिरकं धरलं तेव्हा ती टोपी चमकली. म्हणून आता मी नेहमी असं करते: दोन्ही टोप्या काढून केबलचं एक टोक स्ट्रीमरमध्ये घालायचं, स्ट्रीमर चालू करायचा आणि दुसरं टोक तळहातासमोर धरायचं. तळव्यावर लाल ठिपका पडला की इथवर सगळं ठीक. मग ते टोक स्पीकरमध्ये. पिनेची एक बाजू सपाट आणि दुसरी कोपरे कापलेली असते, त्यामुळं ती एकाच बाजूनं बसते. जोर करू नका, झडप तुटते. केबल तीव्र कोनात मुडपू नका, आत काच किंवा प्लॅस्टिकचा तंतू असतो. लांबी पाच मीटरच्या आत ठेवलेली बरी.

कोॲक्शियलला ७५ ओहमची केबल लागते. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ वायर त्याच जातीची असते, दोन-तीन फुटांसाठी ती मजेत चालते.

शेवटी स्पीकरच्या रिमोटवरून इनपुट ऑप्टिकलवर आणायला विसरू नका.

टीव्हीवरून ऐकायचं असेल तर ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी, दोन्ही चालतात. एचडीएमआय केबल टीव्हीच्या ज्या भोकावर एआरसी लिहिलंय त्यातच घाला. आवाज आला नाही, किंवा नुसती खरखर आली, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट डॉल्बीवर असेल, ते पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या डिजिटल आवाजावर, आणा. कोल्हापुरात डॉल्बी म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यापुढं येते. टीव्हीतला डॉल्बी म्हणजे आवाज पाठवायची एक वेगळी भाषा, आणि दोनच स्पीकरच्या बऱ्याच जोड्यांना ती येत नाही.

पहिलं गाणं लावायच्या आधी

स्पीकरचा आवाज अगदी खाली आणा. ऑप्टिकल आणि कोॲक्शियलमधून बहुधा पूर्ण ताकदीचा आवाज येतो, त्याला कमी-जास्त करणारा मध्ये कुणी नसतो. स्ट्रीमर असेल तर त्याचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून तिथंच स्थिर करा आणि रोजचा आवाज स्पीकरच्या रिमोटवरून कमी-जास्त करा. दोन ठिकाणी व्हॉल्यूम ठेवला की कुणीतरी एक वाढवतो, दुसरा विसरतो. स्पॉटिफाय कनेक्टवर फोनच्या ॲपमधून थेट स्पीकरचा आवाज हलवता येतो. घरात लहान मूल असेल तर स्पीकरच्या ॲपमध्ये कमाल आवाजाची मर्यादा मिळते का बघा आणि ती लावा.

कोनाड्यातून बाहेर काढा

आत्याकडे एक स्पीकर भिंतीतल्या कोनाड्यात होता आणि दुसरा शोकेसवर, छताच्या जवळ. कोनाड्यातला तबल्याच्या डग्ग्याला नुसता भुंग्यासारखा घुमवत होता, वरचा गायकाला तक्तपोशीतून गायला लावत होता.

दोन्ही एकाच उंचीवर हवेत, आणि तुम्ही बसल्यावर ट्वीटर कानाच्या रेषेत. दोघांमधलं अंतर जेवढं, साधारण तेवढ्याच अंतरावर तुम्ही बसा. सहा-सात फूट बऱ्याच खोल्यांना पुरतं. पाठीला हवेचं भोक असेल तर भिंतीपासून हातभर पुढं घ्या. जागाच नसेल तर डिजिटल स्पीकरचा इथं मोठा फायदा आहे: ॲपमध्ये "भिंतीजवळ", "टेबलावर", "कोपऱ्यात" अशा अर्थाचे पर्याय असतात, ते निवडले की प्रोसेसर खालचे सूर तेवढे कमी करतो.

स्टँड विकत घ्यायला गेलं तर बरेच महाग पडतात. आपल्या गावात त्याची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला उंची आणि वरच्या पाट्याचं माप दिलं की लोखंडी स्टँड करून मिळतात. मधला पाइप पोकळ ठेवायला सांगा आणि त्यात कोरडी वाळू भरा, म्हणजे स्टँड स्वतः वाजत नाही. आत्याचे असेच केलेत, पुट्टी आणि काळा रंग मारून.

शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतील तर खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागं झणझण ऐकू आली तर स्पीकर आणि तुमच्या मधे सतरंजी टाका, मागच्या खिडकीला जाड पडदा लावा. एवढ्यानं सुद्धा आवाज जमिनीवर येतो.

कानानं तपासा

सेवेत "लेफ्ट राइट टेस्ट" असं शोधलं की डावा-उजवा बोलून दाखवणारे ट्रॅक मिळतात. डावा म्हणताना उजवीकडून आवाज आला तर ते पाठीमागचं बटण फिरवा.

मग एखादी जुनी मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारी, ध्वनिमुद्रिका लावा. कोल्हापूरकरांना ती शोधायला लांब जावं लागत नाही. शाहू महाराजांच्या दरबारात गायक अल्लादिया खाँसाहेब होते, आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची तीन-साडेतीन मिनिटांची गाणी आज स्ट्रीमिंगवर मिळतात. डोळे मिटून ऐका. आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध, जिथं काहीच नाही तिथून आला पाहिजे. एकीकडे झुकत असेल तर तुमचं बसणं किंवा एखादा स्पीकर सरकलेला आहे. तो वीतभर सरकवा आणि परत ऐका. मधोमध येतो त्या जागी स्टँडच्या पायाशी खडूनं खूण करून ठेवा. केर काढताना स्टँड हलणारच.

नावं शोधताना देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही लिहून बघा, निकाल वेगळे येतात. जुन्या ध्वनिमुद्रणांवर गायकाच्या जागी संगीतकाराचं किंवा कंपनीचं नाव टाकलेलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं. ज्यांनी आयुष्य घातलं त्यांचं नाव तरी बरोबर यावं. सापडलेलं गाणं लगेच आपल्या यादीत टाकून यादीला नीट नाव द्या.

तिसरी तपासणी तानपुऱ्याची. अलीकडच्या एखाद्या चांगल्या ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात तानपुरा गायकाच्या मागं दोन्हीकडे पसरलेला असतो. जवारी, म्हणजे तारेची ती भणभण, गाणं जोरात आल्यावरही सुटी ऐकू यायला हवी. ती गायब होत असेल तर खालचे सूर अजून जास्त आहेत. स्पीकर भिंतीपासून आणखी पुढं घ्या. देवल क्लबात, आपल्या कोल्हापूरच्या संगीतसंस्थेत, पुढच्या रांगेत बसून ज्यांनी तानपुरे ऐकलेत त्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांचे कान आपोआप तिकडेच जातात.

लाईट, अर्थिंग आणि वळीव

दोन्ही स्पीकरच्या पिना शक्यतो एकाच बोर्डावर लावा. तिसरी, जाड पिन अर्थिंगची, ती काढून दोन पिनांवर चालवू नका. घुमण्याचा बारीक आवाज येत असेल तर बहुतेक वेळा टीव्हीच्या डिश केबलमधून किंवा लॅपटॉपच्या चार्जरमधून येतो. तिथं ऑप्टिकल केबल वापरली की तो जातो, कारण तिच्यातून फक्त उजेड जातो, वीज जात नाही. परदेशातून कुणी स्पीकर आणून दिले असतील तर पिन घालण्याआधी मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. नुसतं ११० किंवा १२० असेल तर आपल्या २३०वर ते जळतील.

एप्रिल-मे महिन्यात वळीव आला, आभाळ कडाडायला लागलं की पिना काढून ठेवा. बोर्डाचं बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर हवी. लॅनची केबल घातली असेल तर तीही काढा, वीज त्या वाटेनंही येते.

आणि लाईट जाऊन परत आल्यावर स्पीकर गप्प बसतो, त्याचं कारण साधं आहे. स्पीकर लवकर जागा होतो, राऊटरला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्पीकर इंटरनेट शोधून दमलेला असतो. राऊटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर क्रम पाळा: आधी राऊटर, त्याचे दिवे स्थिर झाले की स्पीकर.

आत्यासाठी मी हे मोठ्या अक्षरात लिहून बोर्डाशेजारी चिकटवलंय. "लाईट आली की माडीवर जाऊन दिवे बघायचे. हिरवे असले की स्पीकरचं बटण. देवपूजा आटपायची. मग रिमोटवर १." त्या १वर तिच्या अभंगांची यादी बसवून दिली आहे, फोन हातात घ्यायचं कामच नाही. बोर्डावरच्या पाच बटणांतलं स्पीकरचं कुठलं ते चटकन कळावं म्हणून त्यावर तिनं स्वतःच एक लाल टिकली लावली आहे.